स्त्रियांचा खेळ आणि खेळाचे मोल : पुणे १९७३ ते मुंबई २०२३

महाशिवरात्रीला आमच्या हिमायतनगरात श्री परमेश्वराची यात्रा भरते. यात्रेत कुस्त्या होतात. लहान पोरांची कुस्ती नारळावर किंवा दहा-वीस रुपयांवर लागते आणि दिवस कलताना शेवटच्या मोठ्या कुस्तीचे इनाम पुकारले जाते. जिंकलेल्या मल्लाच्या हातात खुशीने नोट ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत. वर्षभर पैशापैशाचा हिशेब करणारा शेतकरीही त्या वेळी हात आखडता घेत नाही. म्हणजे खेळणाऱ्याला त्याच्या खेळाबद्दल पैसे द्यावेत, ही कल्पना आपल्याकडे परदेशातून आलेली नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्लांना राजाश्रय दिला, खासबाग मैदान बांधले, ही तर शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे.

लहानपणी आजीबरोबर यात्रेला गेले की आम्ही मुली फडाकडे लांबूनच पाहत असू. मुलींचे खेळ म्हणजे पंचमीचा झोका, फुगडी आणि झिम्मा. या खेळांतही दम लागतो, पण त्यांना इनाम नसते. पुढे शाळेत मी खो-खो खेळू लागले. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या सामन्यांना जाऊ लागले, तेव्हा बाबांनी एकदा विचारले, "खेळ चांगलाच आहे बाई, पण त्यातून पुढं काय?" त्यांच्या प्रश्नात विरोध नव्हता, हिशेब होता. मला उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न आहे.

एका गोल्फ स्पर्धेची गोष्ट

या शोधाची सुरुवात एका अनपेक्षित ठिकाणी झाली. ग्रंथालयात खेळांविषयी वाचत असताना स्त्रियांच्या व्यावसायिक गोल्फचा इतिहास हाती लागला. गोल्फचे मैदान मी आजवर डोळ्यांनी पाहिलेले नाही. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांनीही पाहिले नसेल. पण ती हकीकत मात्र ओळखीची वाटली.

१९४६ साली अमेरिकेतील स्पोकेन या गावी स्त्रियांची पहिली खुली राष्ट्रीय गोल्फ स्पर्धा झाली. पॅटी बर्ग हिने ती जिंकली आणि तिला ५,६०० डॉलर किमतीचे युद्धरोखे बक्षीस मिळाले. स्त्रियांची जी संघटना ही स्पर्धा भरवीत होती, ती पैशाअभावी थोड्याच वर्षांत बंद पडली. १९५० साली तेरा खेळाडू स्त्रियांनी नवी संघटना स्थापन केली. या तेराजणी खेळतही होत्या आणि स्पर्धेचा कारभारही पाहत होत्या. नियम लावणे, हिशेब ठेवणे, गावोगावी फिरून लोकांना सामने पाहायला बोलावणे, ही सारी कामे त्याच करीत. १९५३ साली अमेरिकेच्या मुख्य गोल्फ संघटनेने ती खुली स्पर्धा स्वतःकडे घेतली. लगेच पुढच्या वर्षी बेब झहारियास हिने कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर मैदानात उतरून ती बारा फटक्यांच्या फरकाने जिंकली.

भारतात स्त्रियांची खुली व्यावसायिक गोल्फ स्पर्धा २००७ साली सुरू झाली. पहिली नऊ वर्षे ती परदेशी खेळाडूंनीच जिंकली. २०१६ साली गुरुग्राम येथे बंगळुरूच्या अवघ्या अठरा वर्षांच्या अदिती अशोकने ती जिंकली. युरोपीय मालिकेतील स्पर्धा जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री होय.

हे वाचताना मनात आले, की आपल्या महाराष्ट्रात असे काही घडले आहे का? मूठभर स्त्रियांनी पदरमोड करून स्पर्धा भरवावी, ती कशीबशी तगावी, मग एखाद्या मोठ्या संस्थेने ती हाती घ्यावी आणि शेवटी त्यातून खेळाडूची भाकरी निघावी, अशी गोष्ट आपल्याकडे आहे का? शोधल्यावर ती पुण्यातच सापडली. ती स्त्रियांच्या क्रिकेटची गोष्ट आहे आणि तिला बरोबर पन्नास वर्षे लागली.

पुणे, १९७३

मुंबईत आणि पुण्यात १९७० च्या आगेमागे काही मुली क्रिकेट खेळू लागल्या होत्या. मुंबईत आलू बामजी यांनी मुलींचा 'अल्बीज' हा क्लब काढला होता. पण देशपातळीवर संघटना नव्हती. १९७३ साली लखनौ येथे महेंद्रकुमार शर्मा यांच्या पुढाकाराने भारतीय महिला क्रिकेट संघटनेची नोंदणी झाली. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात पहिली आंतरराज्य स्पर्धा पुण्यात भरली. संघ किती? अवघे तीन : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश.

तीन संघांच्या स्पर्धेला राष्ट्रीय म्हणावे काय, असे आज कोणी विचारील. पण त्याच वर्षाच्या अखेरीस वाराणसीला दुसरी स्पर्धा झाली तेव्हा संघ आठ झाले होते आणि कलकत्त्याच्या तिसऱ्या स्पर्धेला चौदा संघ उतरले. या वाढीचा वेग पाहता असे म्हणावे लागेल, की खेळणाऱ्या मुली ठिकठिकाणी आधीपासूनच होत्या, त्यांना कोणी बोलावले नव्हते एवढेच. वाराणसीच्या स्पर्धेनंतर कऱ्हाडच्या प्रेमलाकाकी चव्हाण यांनी संघटनेचे अध्यक्षपद स्वीकारले. राजकारणात वजन असलेली एक मराठी स्त्री संघटनेच्या पाठीशी उभी राहिली, याचा त्या काळी निश्चित उपयोग झाला असला पाहिजे.

१९७५ साली ऑस्ट्रेलियाचा पंचवीस वर्षांखालील मुलींचा संघ भारतात आला. पुणे, दिल्ली आणि कलकत्ता येथे तीन दिवसांचे सामने झाले. त्यांतील पुण्याच्या सामन्यात भारताचे नेतृत्व उज्ज्वला निकम यांनी केले. पुढच्याच वर्षी वेस्ट इंडीजचा संघ आला आणि बंगळुरूला भारतीय स्त्रियांनी आपली पहिली अधिकृत कसोटी खेळली. पुण्याच्या सतरा वर्षांच्या शुभांगी कुलकर्णी यांनी आपल्या लेगस्पिन गोलंदाजीवर त्या कसोटीत पाच बळी मिळवले. याच मालिकेतील पाटण्याचा सामना शांता रंगस्वामी यांच्या नेतृत्वाखाली भारताने जिंकला. भारतीय स्त्रियांचा हा पहिला कसोटी विजय होय.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. क्रिकेटचा पहिला विश्वचषक पुरुषांनी नव्हे, स्त्रियांनी खेळला. १९७३ साली इंग्लंडमध्ये रेचल हेहो-फ्लिंट यांच्या कल्पनेतून आणि जॅक हेवर्ड या धनिकाने दिलेल्या ४०,००० पौंडांवर ती स्पर्धा झाली. पुरुषांची स्पर्धा त्यानंतर दोन वर्षांनी आली. पुण्याची तीन संघांची स्पर्धा आणि इंग्लंडचा तो विश्वचषक एकाच वर्षातले आहेत. म्हणजे आरंभाला आपण फार मागे नव्हतो. पुढची चाल मात्र संथ झाली. तिची कारणे पैशात आहेत.

हौशी आणि धंदेवाईक

जुन्या मराठी वर्तमानपत्रांत खेळाडूंचे दोन वर्ग असत : हौशी आणि धंदेवाईक. 'धंदेवाईक' या शब्दाला किंचित हिणकस वास आहे. जणू पैसे घेतले की खेळ बाटला! आता आपण 'व्यावसायिक' म्हणतो. शब्द बदलला म्हणजे दृष्टी बदलली असे समजायला हरकत नाही. पण हौस ही कोणाला परवडते, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणी विचारला नाही. ज्याच्या घरी दोन वेळची चिंता नाही, त्यालाच हौस पुरवता येते. स्त्रीच्या बाबतीत तर घरची परवानगी, लग्नाचे वय आणि प्रवासाला सोबत एवढे सगळे जुळून यावे लागते. तेव्हा 'हौशी' हा शब्द वरून निर्मळ दिसला, तरी त्याने अनेक गरीब मुलींना मैदानाबाहेर ठेवले असे मला वाटते.

स्त्री-क्रिकेटच्या पन्नास वर्षांचे पैशाच्या दृष्टीने मी तीन टप्पे पाडते. पहिला स्वखर्चाचा, दुसरा नोकरीचा आणि तिसरा कराराचा व लिलावाचा.

पहिला टप्पा : स्वखर्च

पहिल्या पिढीच्या खेळाडूंनी पुढे मुलाखतींतून आपले अनुभव सांगितले आहेत. आरक्षण नसलेल्या डब्यातून दोन-दोन दिवसांचा प्रवास, उतरण्याची सोय सामायिक खोलीत आणि झोपणे जमिनीवर. संघात बॅटी मोजक्याच, बाद होऊन आलेलीची बॅट पुढचीने घ्यायची. नूतन गावसकर या आरंभीच्या खेळाडू असून पुढे त्यांनी संघटनेचा कारभार पाहिला. न्यूझीलंडच्या दौऱ्यात हॉटेलला पैसे नसल्यामुळे तेथील भारतीय कुटुंबांनी खेळाडूंना आपापल्या घरी ठेवून घेतल्याची आठवण त्यांनी सांगितली आहे. आपल्याकडे वारकऱ्यांना गावोगावी जसे घरी उतरवून घेतात, तशीच ती सोय म्हणायची.

१९७८ चा विश्वचषक भारतात झाला. चार संघांच्या त्या स्पर्धेत डायना एडलजी यांच्या नेतृत्वाखालील भारताने तिन्ही सामने गमावले. पण भारताच्या मुलींनी विश्वचषकात पाऊल ठेवले ते याच स्पर्धेत. १९८८ च्या ऑस्ट्रेलियातील विश्वचषकाला तर भारताचा संघ गेलाच नाही. एकीकडे १९८३ च्या विजयानंतर पुरुषांच्या क्रिकेटकडे पैशाचा ओघ वळला होता आणि त्याच दशकात देशाच्या स्त्रिया विश्वचषकाला मुकल्या, हा विरोधाभास डोळ्यांत भरतो.

मानाची गोष्ट पैशाहून वेगळी नव्हती. १९८६ च्या इंग्लंड दौऱ्यात डायना एडलजी यांना लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनमध्ये शिरू दिले नाही. परदेशी संघाची खेळाडू असली, तरी ती बाई होती! ज्या क्लबचे ते मैदान, त्या क्लबने स्त्रियांना सभासदत्व दिले ते पुढे १९९९ साली.

दुसरा टप्पा : नोकरी

या काळात खेळाडू स्त्रीला खरा आधार दिला तो रेल्वेने. पश्चिम रेल्वेत नोकरी करणाऱ्या एडलजी यांनी क्रिकेट खेळणाऱ्या मुलींना रेल्वेत नोकऱ्या मिळाव्यात म्हणून सतत प्रयत्न केले. पुढे राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वेचा संघ वर्षानुवर्षे अजिंक्य राहिला. मिताली राज आणि हरमनप्रीत कौर यांनीही रेल्वेत नोकरी केली.

या नोकरीचे महत्त्व आपण मराठवाड्यातील मंडळींनी तरी ओळखले पाहिजे. आमच्या गावावरून आदिलाबादकडे जाणारी गाडी पाहत मोठे झालेल्यांना रेल्वेची नोकरी म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. महिन्याचा पगार, निवृत्तीनंतरची सोय आणि प्रवासाचा पास! 'मुलगी खेळते' यापेक्षा 'मुलगी रेल्वेत आहे' हे वाक्य सोयरिकीच्या बैठकीत जास्त वजनदार ठरते. खेळाला थेट मोल मिळत नव्हते, पण खेळामुळे नोकरी मिळत होती. पुरुषांच्या कुस्तीत जे काम एकेकाळी संस्थानिकांनी केले, ते स्त्रियांच्या क्रिकेटमध्ये रेल्वेने केले, असे म्हटले तर वावगे होणार नाही. मात्र नोकऱ्या मोजक्या असतात आणि राज्याच्या संघात पोचेपर्यंतचा खर्च मुलीच्या घरानेच करायचा असतो, ही या टप्प्याची मर्यादा होती.

मंडळाच्या छत्राखाली

२००५ साली जागतिक स्त्री-क्रिकेटची संघटना आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेत विलीन झाली. पुढच्या वर्षी भारतातही तेच घडले. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष तेव्हा शरद पवार होते आणि महिला संघटनेच्या सचिव होत्या पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी. १९७६ साली पाच बळी घेणारी मुलगी तीस वर्षांनी आपली संघटना मोठ्या मंडळाच्या स्वाधीन करीत होती. अमेरिकेतील गोल्फच्या स्पर्धेचे १९५३ साली जे झाले, त्याची येथे आठवण होते. रोप लावणाऱ्या वेगळ्या आणि विहीर असणारे वेगळे. रोप जगवायचे तर विहिरीशी जावेच लागते. पण तेथे गेल्यावर पाण्याची पाळी कधी येईल, हे विहिरीचा धनी ठरवतो.

पाळी लवकर आली नाही. २००५ च्या विश्वचषकात भारतीय संघ अंतिम फेरीपर्यंत पोचला होता. त्या स्पर्धेत आपल्याला सामन्याला एक हजार रुपये, म्हणजे आठ सामन्यांचे मिळून आठ हजार रुपये मिळाले, असे कर्णधार मिताली राज यांनी पुढे सांगितले आहे. विलीनीकरणानंतरही खेळाडू स्त्रियांना वार्षिक करार मिळायला २०१५ साल उजाडले. वरच्या श्रेणीला तेव्हा वर्षाला पंधरा लाख रुपये ठरले. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मंडळाने स्त्री-पुरुषांचे सामन्याचे मानधन समान केले : कसोटीला पंधरा लाख, एकदिवसीय सामन्याला सहा लाख आणि वीस षटकांच्या सामन्याला तीन लाख. वार्षिक कराराच्या रकमांत मात्र मोठे अंतर राहिलेच. ते वाचकांनी लक्षात ठेवावे.

या दरम्यान लोकांची दृष्टी बदलणारी घटना घडली ती २०१७ साली. विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात हरमनप्रीत कौर हिने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १७१ धावा केल्या. अंतिम सामना भारताने लॉर्ड्सवर नऊ धावांनी गमावला. ज्या मैदानाच्या पॅव्हेलियनचे दार एकतीस वर्षांपूर्वी भारतीय खेळाडूला बंद झाले होते, तेथेच हा सामना झाला. आमच्या गल्लीतही त्या दिवशी टीव्हीभोवती बायका बसल्या होत्या, हे मला आठवते.

पुन्हा पुणे, पुन्हा तीन संघ

ऑस्ट्रेलियात स्त्रियांची वीस षटकांची व्यावसायिक स्पर्धा २०१५ साली सुरू झाली. भारतात पुरुषांची अशी स्पर्धा २००८ पासून चालू होती. स्त्रियांसाठी मात्र मंडळ सावध पावले टाकीत राहिले. २०१८ च्या मे महिन्यात मुंबईच्या वानखेडे मैदानावर पुरुषांच्या सामन्याआधी, भर दुपारी, स्त्रियांचा एकच प्रदर्शनी सामना झाला. २०१९ साली जयपूरला आणि २०२० साली शारजाला तीन संघांची छोटी स्पर्धा झाली. २०२१ साली तीही झाली नाही. २०२२ साली ती भरली पुण्याजवळ गहुंजे येथे.

१९७३ साली पुण्यात तीन संघ होते. एकोणपन्नास वर्षांनी पुण्यात पुन्हा तीनच संघ होते! या योगायोगाने मी थोडी खिन्न झाले. पण त्याच स्पर्धेत सोलापूर जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातली किरण नवगिरे हिने पंचवीस चेंडूंत अर्धशतक ठोकले. ही मुलगी आधी मैदानी खेळांत होती, भाला फेकत होती, क्रिकेटकडे उशिरा वळली. महाराष्ट्राबाहेर, नागालँडकडून खेळताना तिने २०२२ साली वीस षटकांच्या सामन्यात नाबाद १६२ धावा केल्या होत्या. गावाकडच्या मुलींत ताकद असते, ती पाहणारा भेटावा लागतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

मुंबई, २०२३

२०२३ च्या जानेवारीत स्त्रियांच्या नव्या स्पर्धेचे पाच संघ विकले गेले. एकूण रक्कम होती ४,६६९.९९ कोटी रुपये. सामने दाखवण्याचे पाच वर्षांचे हक्क ९५१ कोटींना गेले. १३ फेब्रुवारीला मुंबईत खेळाडूंचा लिलाव झाला. प्रत्येक संघाला बारा कोटी रुपये खर्च करायची मुभा होती. सांगलीच्या स्मृती मानधनाला सर्वांत जास्त, तीन कोटी चाळीस लाखांची बोली लागली. मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जला दोन कोटी वीस लाख आणि पुण्याच्या देविका वैद्यला एक कोटी चाळीस लाख मिळाले. किरण नवगिरेला तीस लाख मिळाले.

'लिलाव' हा शब्द मला प्रथम खटकला. आपल्याकडे लिलाव होतो तो मोंढ्यात कापसाचा, किंवा कर्ज थकल्यावर जमिनीचा. माणसाचा, त्यातून बाईचा लिलाव हा शब्द कानाला बरा लागत नाही. पण विचार केल्यावर असे वाटले, की मोंढ्यात भाव ठरतो तेव्हा पैसे जातात शेतकऱ्याच्या पदरात, कापसाच्या नव्हे. येथे पिकवणारी आणि पीक एकच आहे, आणि पैसे तिच्याच पदरात पडतात. शब्द बदलावा, व्यवहार राहू द्यावा.

स्पर्धेचे बावीसही सामने मुंबईचे ब्रेबॉर्न आणि नवी मुंबईचे डी. वाय. पाटील या दोन मैदानांवर झाले. त्या पहिल्या वर्षी स्त्रियांना प्रवेश विनामूल्य होता. ४ मार्चच्या पहिल्या सामन्यात मुंबईने गुजरातला १४३ धावांनी हरवले. २६ मार्चच्या अंतिम सामन्यात दिल्लीला सात गडी राखून हरवून हरमनप्रीतच्या मुंबई संघाने पहिले विजेतेपद मिळवले. विजेत्या संघाचे बक्षीस सहा कोटी रुपये होते. पुढच्या वर्षी बंगळुरूचा संघ विजयी झाला आणि २०२५ साली ब्रेबॉर्नवरच मुंबईने दिल्लीला आठ धावांनी हरवून दुसऱ्यांदा चषक जिंकला.

त्याच २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा उचलली. ज्या फडाकडे आम्ही मुली लांबून पाहत होतो, त्या फडात मुलगी उतरली. दोन्ही घटना एकाच महिन्यात घडल्या, म्हणून तो महिना मला विशेष वाटतो.

व्यावसायिक स्पर्धेचा परिणाम खेळावर होतो काय? होतो, असेच म्हणावे लागेल. मोठ्या गर्दीसमोर, दिव्यांच्या प्रकाशात, परदेशी खेळाडूंबरोबर खेळण्याची सवय झाली. २ नोव्हेंबर २०२५ रोजी डी. वाय. पाटील मैदानावर दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारतीय स्त्रियांनी पहिल्यांदा एकदिवसीय विश्वचषक जिंकला. १९७८ साली तिन्ही सामने हरलेल्या संघाने सत्तेचाळीस वर्षांनी तो चषक आपल्याच मातीत उचलला. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा करणारी जेमिमा ही मुंबईच्याच मैदानांवर वाढलेली आहे.

आमच्या मैदानाचे काय?

आता बाबांच्या प्रश्नाकडे वळते. 'त्यातून पुढं काय?' या प्रश्नाला 'स्मृती मानधनासारखे कोट्यवधी मिळतात' असे उत्तर देणे म्हणजे स्वतःची फसवणूक होईल. २०२३ च्या लिलावात सत्त्याऐंशी खेळाडू निवडल्या गेल्या, त्यांत भारतीय सत्तावन्न होत्या. एवढ्या मोठ्या देशात सत्तावन्न! त्यांच्याखाली राज्याच्या संघातून खेळणाऱ्या मुली आहेत. त्यांचे दिवसाचे मानधन २०२१ साली साडेबारा हजारांवरून वीस हजार झाले आणि २०२५ च्या अखेरीस त्यात आणखी वाढ झाली. पण त्यांचे खेळण्याचे दिवस वर्षात थोडेच असतात. आणि त्यांच्याही खाली आपण, तालुक्याच्या मैदानावरच्या.

मात्र व्यावसायिक स्पर्धा फक्त खेळाडूच घडवते असे नाही. पंच, गुणलेखक, प्रशिक्षक, व्यायाम व उपचार सांगणारे, समालोचक अशी अनेक कामे तिच्याभोवती उभी राहतात. मुंबईकडची वृंदा राठी गुणलेखनापासून सुरुवात करून पंच झाली आणि २०२३ च्या जानेवारीत रणजी सामन्यात उभी राहणाऱ्या पहिल्या तीन स्त्री-पंचांपैकी एक ठरली. कला शाखेच्या विद्यार्थिनींनी या वाटांकडे पाहायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. मराठवाड्यातील मुलीचा खेळ क्रिकेट नाही, तो खो-खो आणि कबड्डी आहे. त्याला बॅट लागत नाही, पॅड लागत नाही. दोन खांब आणि साफ केलेली जमीन पुरते. धाराशिवच्या सारिका काळे हिने भारताच्या खो-खो संघाचे नेतृत्व केले आणि २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी नेपाळला ७८-४० असे हरवले. पण खो-खोची जी व्यावसायिक स्पर्धा २०२२ साली सुरू झाली, ती पुरुषांचीच होती. कबड्डीत २०१६ साली स्त्रियांच्या तीन संघांची स्पर्धा पुरुषांच्या स्पर्धेबरोबर घेण्यात आली. तिचा अंतिम सामना एका गुणाने सुटला इतका तो रंगला. तरी पुढच्या वर्षी ती स्पर्धा चालू ठेवली गेली नाही.

म्हणजे आमचे खेळ अजून १९७३ च्या पुण्यातच आहेत. यात निराश होण्यासारखे आहे, तसे धीर धरण्यासारखेही आहे. तीन संघांवरून पाच संघांच्या व्यावसायिक स्पर्धेपर्यंत यायला क्रिकेटला पन्नास वर्षे लागली. ती पन्नास वर्षे ज्यांनी रेटली, त्यांतील बहुतेकींना लिलावाचा एक रुपयाही मिळाला नाही. शांता रंगस्वामी, एडलजी, शुभांगी कुलकर्णी यांच्या पिढीने पेरले आणि नातीच्या वयाच्या मुलींनी कापणी केली. शेतकऱ्याच्या घरात आंब्याचे झाड लावणारा आजोबा असतो, त्याच्या हिशेबाला चूक कोण म्हणेल?

तेव्हा आपल्या महाविद्यालयापुरते काही सुचवावेसे वाटते. मुलींच्या सरावाची वेळ शेवटच्या गाड्या-जीपा सुटण्याआधी असावी, म्हणजे खेड्यावरून येणाऱ्या मुलींना थांबता येईल. स्नेहसंमेलनात मुलींच्या सामन्यांनाही मुलांइतकेच बक्षीस असावे, मग ते पन्नास रुपयांचे का असेना. गुणलेखन आणि पंचगिरी शिकवणारे एखादे शिबिर भरवावे. यांपैकी कशालाही कोटी रुपये लागत नाहीत.

बाबांना मी हे सगळे सांगितले. सत्तावन्नचा आकडाही लपवला नाही. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे तुला नाही मिळायचं, पण तुझ्यानं रस्ता व्हईल म्हन की!" एवढे बोलून ते बैलांना पाणी पाजायला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाला निघाले तेव्हा दारात माझे बूट पुसून ठेवलेले होते.

— बी. ए. तृतीय वर्ष